पिठलं-भाकरीचं गणगोत

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाची सहल सिंहगडावर गेली होती. पायथ्याशी मुलांनी डबे सोडले. कुणाचा पाव-जाम, कुणाचे वेफर्स. शिरूरकडचा एक मुलगा मात्र झाडाआड बसून राहिला. मी विचारलं, "काय रे, जेवण नाही आणलंस?" तो म्हणाला, "भूक नाही, सर." जवळच्या पिशवीत फडक्याचं गाठोडं दिसत होतं. मी पुढं काही बोललो नाही.

गडावर पोचलो, तर तिथं गडकरी बायाबापड्या चुली पेटवून बसलेल्या. पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, ठेचा आणि मडक्यातलं दही. मघाशी वेफर्स खाणारी पोरं तिथं मांडी घालून बसली. पैसे मोजून भाकऱ्या खाल्ल्या आणि वर "अहाहा" म्हणाली. तो मुलगा बघतच राहिला. त्याच्या गाठोड्यात दुसरं काय होतं? भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. आईनं पहाटे उठून केलेली.

जे विकत घेताना मौजेचं वाटतं, तेच घरून आणताना लाजेचं का वाटावं? ह्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. मी इतिहास शिकवतो, म्हणून इतिहासाच्या वाटेनंच त्याचं उत्तर शोधू लागलो. ते आपल्यापुढं ठेवतो.

आधी त्या गाठोड्याचीच झडती घेऊ. भाकरी ज्वारीची. ज्वारी आपली वाटते, पण तिचं माहेर आफ्रिका. बाजरीचं आणि नाचणीचंही तेच. ही धान्यं साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि इथल्या मातीत अशी रुजली की परकेपणाची खूणही उरली नाही. त्या मुलाच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ ह्या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचं मुख्य धान्य होतं जव. म्हणजे ज्या रानात आज ज्वारी डुलते, तिथं एके काळी जव डुलत होता.

पिठलं हरभऱ्याचं. हरभरा पश्चिम आशियातला. तोही फार जुना पाहुणा. कांदा मध्य आशियाकडचा. आणि मिरची? ती तर परवा-परवाची. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांना लागला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या गलबतांतून अमेरिकेची मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. मग त्याआधी आपले पूर्वज तिखट खात नव्हते का? खात होते, पण ते मिऱ्याचं, पिंपळीचं आणि आल्याचं तिखट. मिऱ्यांना संस्कृतात 'मरिच' म्हणतात. नवी तिखट शेंग आली तेव्हा लोकांनी तिला जुनंच नाव दिलं, तीच आपली मिरची.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्यात राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे. नाना पक्वान्नं आहेत, मांडे आहेत. पण त्या राजाला मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा ह्यांतलं काही ठाऊकच नव्हतं. आज आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर बटाटेवडा खाणाऱ्या माणसाला जी चव मिळते, ती त्या राजाला मिळाली नाही!

उपासाचंच घ्या. साबुदाण्याची खिचडी आपण किती सोवळेपणानं करतो! आजचा आपला साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तिकडचाच आणि हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. चारी जिन्नस समुद्रापलीकडचे, आणि खिचडी मात्र आपल्या एकादशीची!

भाषेतसुद्धा ह्याच्या खुणा आहेत. बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तोही शब्द त्यांचाच. पण गंमत पाहा. तिथल्या भट्टीवाल्यांनी पीठ फुगवायला माडाची सूर वापरली. कृती परक्याची, फेस आपल्या माडाचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर त्या पावाची चव जरूर घ्या.

मग आपलं म्हणावं असं काहीच नाही का? आहे तर! तूर, मूग, उडीद, तीळ, मिरी हे ह्याच भूमीतले. पण माझा मुद्दा निराळा आहे. बी कुठून आलं ह्यावरून अन्न 'आपलं' ठरत नाही. ते कुणी पेरलं, कुणी निवडलं, कुठल्या हातांनी थापलं, ह्यावरून ठरतं. शेकडो पिढ्यांनी चांगलं कणीस बियाण्याला राखून ठेवलं, तेव्हा आजची ज्वारी झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो मान मातीचा, तसा त्या हातांचाही.

म्हणूनच दोन्हीकडची चूक दिसते. 'आमचंच खाणं शुद्ध, तुमचं परकं' असं म्हणणारा स्वतःच्या ताटातली मिरची विसरतो. आणि 'भाकरी गरिबाची' म्हणून लपवणारा आपल्याच आईची मेहनत लपवतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची. जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात. ती अमेरिकेतून आलेली ज्वारीच होती. आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर तिकडं गेलेली, आणि आपल्या अडचणीच्या वेळी इकडं आलेली. पुढं रेशनवर गहू-तांदूळ मिळत राहिले आणि पुष्कळ घरांत भाकरी मागं पडली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा शहरांतून पुन्हा तिचं कौतुक सुरू झालं. जगानं कौतुक करीपर्यंत आपण थांबायलाच हवं होतं का?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांना एकदा आठवडी बाजारात न्या. प्रत्येकाच्या हाती वही द्या. ढिगातली एकेक वस्तू लिहायला सांगा. शाळेत परत आल्यावर जगाचा नकाशा काढा आणि तिच्या माहेराशी एकेक टिंब द्या. मिरचीचं टिंब कुठं पडतं, तुरीचं कुठं, हे मुलं आपल्या हातानं पाहतील. नकाशाचा असा धडा ती सहसा विसरणार नाहीत. आणि परगावी जाल तेव्हा तिथलं खाणं तिथल्या माणसाला विचारून खा. "हे कसं करता, मावशी?" एवढं विचारलं की पुष्कळ इतिहास कानी पडतो.

त्या मुलाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. गडावर मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "मला ही विकतची भाकरी नको. तुझी असेल तर दे." त्यानं थोडं घुटमळून गाठोडं सोडलं. वास सुटला तशी बाकीची पोरं गोळा झाली. भाकरी पुरली, पिठलंही पुरलं. शेंगदाण्याची चटणी मात्र माझ्या वाट्याला आली नाही.