वजन नेमकं कुठून काढायचं? हलक्या रेसिंग गाडीची गोष्ट

ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांनी आज कान टवकारा. ज्यांना नाही त्यांनीही थांबा, कारण गाडीच्या निमित्ताने आज आपण एका विचाराचा इतिहास बघणार आहोत. विचार साधा आहे: वेग हवा असेल तर इंजिन मोठं करण्याआधी वजन कमी करा.

आपल्या विदर्भाला हे कुणी शिकवायची गरज नाही. कापसाची बंडी आणि शंकरपटाची गाडी आठवा. दोन्हींना बैल दोनच. पण बंडीला ओझं पेलायचं असतं, म्हणून तिचं लाकूड जाड. शंकरपटाच्या गाडीला फक्त पळायचं असतं, म्हणून तिच्यात गरजेपुरतंच लाकूड. बैलांची ताकद वाढवता येत नाही, मग ओझं कमी करायचं. मोटारीच्या जगात हाच हिशोब एका इंग्रज इंजिनिअरने टोकाला नेला. त्याचं नाव कॉलिन चॅपमन.

चॅपमनचा जन्म १९२८चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला, म्हणजे पूल, छतं, सांगाडे यांचं गणित. होणाऱ्या बायकोच्या आईवडिलांच्या घरामागे एक गॅरेज होतं. तिथे त्याने १९४८मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे याच माणसाची लोटस कंपनी झाली आणि १९५७मध्ये लोटस सेव्हन आली. छप्पर नाही, धड दारं नाहीत, माणसं दोन. वजन सुमारे ५०० किलो. सुरुवातीच्या गाड्यांना फोर्डचं ११७२ सीसीचं साधं इंजिन, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. तरीही ट्रॅकच्या वळणांवर ती मोठमोठ्या गाड्यांना घाम फोडायची.

कशी काय? बघा, हलकी गाडी उचल पटकन घेते, हे तर शाळेतल्या न्यूटनच्या दुसऱ्या नियमातच आहे. पण फायदा तिथेच संपत नाही. ब्रेक मारताना थांबवायला कमी वजन असतं, म्हणून ब्रेक कमी तापतात. आणि वळणावर तर खरी मजा. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. म्हणजे तेच टायर जड गाडीपेक्षा हलक्या गाडीला वळणावर जास्त चांगलं धरून ठेवतात. मोठं इंजिन तुम्हाला सरळ रस्त्यावर मदत करेल. कमी वजन सगळीकडे मदत करतं.

या गाडीच्या प्रसारामागे एक गमतीशीर कारणही आहे, ते म्हणजे टॅक्स. त्या काळी ब्रिटनमध्ये नव्या गाडीवर खरेदी कर लागायचा, पण गाडी सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर तो वाचायचा. म्हणून सेव्हन पेटाऱ्यांत भरून यायची आणि लोक घरीच ती जोडायचे. असं सांगतात, की सोबत जोडणीची माहिती द्यायला मनाई होती, म्हणून गाडी सुटी कशी करायची याची माहिती दिली जायची. आपण ती उलटी वाचायची! १९७३मध्ये तिथे व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. ती गाडी आजही बनते.

आता मुद्द्याचं. गाडी हलकी करायची म्हणजे भाग काढून फेकायचे, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. चार काठ्या खिळ्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर दाबा. चौकोन लगेच वाकडा होईल. आता त्यात एकच तिरपी काठी ठोका. हलणार नाही! कारण चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. जिनिंगच्या शेडमध्ये मान वर करून बघा. टिनाचं एवढं मोठं छत लोखंडी कैच्यांवर उभं असतं, आणि त्या कैच्या म्हणजे नुसते त्रिकोणच. सेव्हनचा सांगाडा असाच, बारीक पोलादी नळ्यांचा. त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून बसवलेले. ते पत्रे अंग झाकतातही आणि सांगाडा ताठही ठेवतात. एकाच भागाकडून दोन कामं. वजन कमी करण्याचं खरं तंत्र हे आहे.

चॅपमनने हे तंत्र पुढे फॉर्म्युला वनमध्ये नेलं. १९६२च्या लोटस २५मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडाच काढला आणि गाडीचं कवचच भार पेलेल अशी रचना केली. १९६३मध्ये जिम क्लार्क त्याच गाडीत जगज्जेता झाला. १९६७च्या लोटस ४९मध्ये तर इंजिनच सांगाड्याचा भाग झालं. मागचं सस्पेन्शन थेट इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडलेलं. इंजिन गाडी ओढणार आणि पाठीचा कणाही होणार. पहिल्याच शर्यतीत, नेदरलँड्सच्या झांडफोर्टला, ती गाडी जिंकली.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही. चाकाबरोबर वर-खाली होणारं वजन जितकं कमी, तितकं चाक रस्त्याला चांगलं चिकटून राहतं. म्हणून लोटस ७२मध्ये पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या आत बसवले. आता आतला ब्रेक आणि बाहेरचं चाक यांना जोडायला शाफ्ट लागतो, आणि तो शाफ्टही हलका, पोकळ. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतल्या मोंझा इथे सरावाच्या वेळी योखेन रिंट याची लोटस ७२ ब्रेक लावताना भरकटली आणि कठड्यावर आदळली. रिंट वाचला नाही. पुढचा एक ब्रेक शाफ्ट तुटल्याचं मानलं जातं. त्याचे गुण इतके होते, की उरलेल्या शर्यतींत त्याला कुणीही गाठू शकलं नाही. फॉर्म्युला वनमध्ये मरणोत्तर जगज्जेता झालेला तो एकमेव ड्रायव्हर.

म्हणजे काय, की काढलेल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशोब कुणीतरी द्यायचा असतो. कागदावर दिला तर ठीक. नाही दिला, तर तो ट्रॅकवर मागितला जातो.

पुढे हा हिशोब जास्त शहाणपणाने मांडला गेला. १९९६ची लोटस एलिस बघा. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा, आणि त्या पट्ट्या वेल्डिंगने नाही, तर गोंदाने चिकटवलेल्या! अर्थात हा गोंद म्हणजे भट्टीत पक्का केलेला इपॉक्सी. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम कमजोर होतं, गोंदाने होत नाही, म्हणून पट्टी पातळ ठेवता आली. सांगाड्याचं वजन फक्त ६८ किलो, अख्ख्या गाडीचं सुमारे ७२५. आपली मारुती ८०० साधारण ६५० किलोची होती. म्हणजे वजन जवळजवळ तितकंच, पण इंजिनची ताकद तिप्पट.

आता महाराष्ट्रात येऊ. ही परंपरा आपल्याकडे थेट अलिबागपर्यंत पोचली आहे. गिडो बोथे आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर चिंकारा रोडस्टर बांधली. नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासचं अंग आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं. होय, आपल्या ॲम्बेसिडरमध्ये यायचं तेच. ॲम्बेसिडर अकराशे किलोच्या वर. तेच इंजिन तिच्याहून कितीतरी हलक्या गाडीत बसवलं की गाडीचा स्वभावच बदलतो. बैल तेच, बंडी बदलली!

मुंबईच्या वझिरानी कंपनीने २०२१मध्ये एकॉंक नावाची एका माणसाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली. कंपनीच्या आकड्यांनुसार वजन ७३८ किलो आणि ताकद ७२२ हॉर्सपॉवर, म्हणजे जवळजवळ किलोमागे एक. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात जड असते बॅटरी. ती थंड ठेवायला सहसा पाणी, नळ्या, पंप लागतात. एकॉंकमध्ये हे सगळं टाळून बॅटरी थेट हवेने थंड करायची, अशी कल्पना आहे. पुन्हा तोच धडा: वजन काढायचं तर आधी त्या भागाचं काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या.

आणि यासाठी कोट्यधीशच असावं लागतं असं नाही. आयआयटी मुंबईची मुलं इलेक्ट्रिक रेसिंग गाडी बांधून इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरली आहेत. आपल्या देशात फॉर्म्युला भारत ही स्पर्धा आहे. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम तिथे येतात. या स्पर्धांमध्ये नुसता वेग बघत नाहीत. हा भाग असाच का केला, खर्च किती आला, हे परीक्षकांसमोर सांगावं लागतं, त्याचेही गुण असतात. आणि धावण्याआधी ब्रेकची परीक्षा: चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. रिंटसारख्या अपघातांतून जग जे शिकलं, ते आज विशीतल्या मुलांच्या नियमपुस्तकात आहे.

आता थोडं आपल्या रस्त्यावरचं बोलू. बाईक हलकी करायची म्हणून आरसे, मडगार्ड, चेनगार्ड काढणारे आपल्या गावोगावी आहेत. सायलेन्सर बदलणारे तर विचारूच नका. भाऊ, आरसे काढून वाचतं किती? एखादा किलो. चालवणारा स्वतः साठ-सत्तर किलोचा. आणि मागून येणारा ट्रक दाखवायचं जे काम आरसा करत होता, ते आता कोण करणार? कुणीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, पण पोलिसांची भीती सोडा. चॅपमन त्रिकोण काढून फेकत नव्हता, तो त्रिकोण वापरून बाकीचं लोखंड वाचवत होता. हे इंजिनिअरिंग. ते नुसतं पान्याने खोलणं.

तुमच्यापैकी जो कुणी बारावीला आहे, आयटीआयला वेल्डिंग शिकतोय किंवा डिप्लोमाला मेकॅनिकल घेतोय, त्याला एक घरचा अभ्यास. आज कोणतीही एक वस्तू घ्या. सायकल, पंपाचा स्टँड, ट्रॉलीचा हुक, काहीही. तिचा एकेक भाग बघा आणि विचारा: हा काय काम करतो? हा काढला तर ते काम कोण करेल? उत्तर सापडलं, तर वहीत चित्र काढा. नाही सापडलं, तर तो भाग जागच्या जागी राहू द्या.

चला, भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, ते अजिबात जड नसतं.