बीपीच्या गोळीमागची किडनी

"डॉक्टर, मला बीपी आहे, मग तपासणी किडनीची कशाला?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर सव्वाशे वर्षं जुनं आहे.

१८९८ साली स्टॉकहोमच्या रॉबर्ट टिगरस्टेड आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. त्याचं बीपी चढलं. अर्कातल्या पदार्थाला त्यांनी 'रेनिन' नाव दिलं. पुढची कित्येक वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीला रक्त नेणारी रोहिणी चिमट्याने थोडी आवळली. बीपी वाढलं ते वाढलेलंच राहिलं.

किडनीला रक्त कमी पोचलं की तिला वाटतं, सगळ्या शरीरातच दाब कमी झालाय. म्हणून ती रेनिन सोडते. रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. त्या तुकड्यापासून एसीई नावाचं विकर अँजिओटेन्सिन-२ बनवतं, आणि खरा उद्योग हे करतं: रक्तवाहिन्या आवळायच्या, शिवाय अल्डोस्टेरॉनकरवी मीठ-पाणी अंगात अडवून ठेवायचं.

ही साखळी तोडणारं औषध मात्र बराच काळ नव्हतं. १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा बीपीवरचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष वेधलं. पण सर्पगंधा काम करते ती मज्जातंतूंच्या वाटेने. रेनिनच्या वाटेवरचं औषध यायला खराखुरा साप लागला! ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावर सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये काम प्रसिद्ध केलं, त्याच धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

तिशीच्या आत बीपी निघालं तर गोल्डब्लाटचा चिमटा आठवावा. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये ताकायासू या आजाराने किडनीची रोहिणी अरुंद झालेली सापडते. कधी एका मनगटाची नाडीच लागत नाही. म्हणून पहिल्या भेटीत बीपी दोन्ही हातांवर मोजून घ्या. ठाणे असो वा डोंबिवली, त्याला दोन मिनिटं पुरतात.

आणि 'प्रिल'वाल्या गोळीने कोरडा खोकला लागला तर कफ सिरप पीत बसू नका, गोळीही परस्पर बंद करू नका. एसीई ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडतं. ते रोखलं की तो साठतो आणि घसा खवखवतो. डॉक्टरांना सांगितलंत तर ते 'सार्टन' गटातली गोळी देऊ शकतात.