मिरजेच्या इस्पितळापासून मंत्रालयापर्यंत

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. सांगली, मिरज, जत, औंध आदी संस्थानांचे विलीन झालेले मुलूख आणि साताऱ्याचे दक्षिणेकडील काही तालुके मिळून ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. पुढे १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. स्वतंत्र जिल्हा म्हणजे स्वतंत्र जिल्हाधिकारी, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि गाऱ्हाणे नेण्यासाठी एक निश्चित दार. शासन ज्यासाठी वेगळी खुर्ची मांडते त्याकडे त्याचे लक्ष राहते, हा धडा या दोन जिल्ह्यांच्या जन्मकथेतच आहे. आपल्या समाजातील अपंग बांधवांना मात्र अशा खुर्चीसाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागले. त्या प्रतीक्षेचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रारंभी अपंगांची दखल घेतली ती शासनाने नव्हे, सेवाभावाने. मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात मूकबधिरांची शाळा उभी राहिली. देशातील अशा शाळांत ती आद्य मानली जाते. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईतच अंधांसाठी शाळा काढली. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, आणि कृष्णाकाठचेच नव्हे तर दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट चालू लागले. कुष्ठरुग्णांसाठीही तेथे स्वतंत्र रुग्णालय झाले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांना या संस्थांनी छप्पर, औषध आणि अक्षर दिले. हे ऋण आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि या व्यवस्थेत देणारा एका बाजूस आणि घेणारा दुसऱ्या बाजूस राहिला. काय द्यावे हे देणारा ठरवीत असे. मागण्याचा हक्क असा शब्दच तेव्हा नव्हता.

याला काहीसा अपवाद सैनिकांचा. सातारा ही लष्करी परंपरेची भूमी. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना हातचा उद्योग शिकविण्यासाठी १९१७ साली ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. ती पुढे खडकीस आली. युद्धात हात-पाय गमावलेल्यांबाबत राज्यसत्तेने जबाबदारी मानली, शेतात वा आजारात गमावलेल्यांबाबत मानली नाही. दोघांचे दुःख मात्र एकच होते.

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर परिसरात जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे असेच एक जवान. १९६५ च्या युद्धात लागलेल्या गोळ्यांनी त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली सेहेचाळीस वर्षे या पराक्रमाची आठवण ठेवणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते, असेच म्हणावे लागते.

वास्तविक ज्यांचा प्रश्न त्यांच्या हाती कारभार द्यावा, हा विचार या मातीला परका नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली आणि ग्रामपंचायतीला राज्यकारभाराचा पाया मानले. त्याच संस्थानच्या आटपाडी भागात ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत वसविण्यात आली. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारच्या प्रतिसरकारने गावोगाव लोकन्यायालये चालविली. शिक्षा भोगणाऱ्या माणसावरही विश्वास टाकणारी ही भूमी आहे. अंध, बधिर आणि पांगळे मात्र तिच्या पंचांत फारसे दिसले नाहीत.

कायद्याचा आधार आला तो १९९५ साली. त्या केंद्रीय कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अपंगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार नोंदली गेली आहे. एवढ्या लोकांचा कारभार मात्र विखुरलेला राहिला. प्रमाणपत्र आरोग्य खात्याच्या जिल्हा रुग्णालयात, निराधार अनुदान तहसील कचेरीत, एस.टी.ची सवलत परिवहन खात्याकडे, मुलाची शाळा शिक्षण खात्याकडे, आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून खर्चावयाचे ५ टक्के ग्रामविकास खात्याकडे. जतच्या पूर्व टोकाहून सांगलीस किंवा पाटणच्या डोंगरातून साताऱ्यास जाणाऱ्या अपंग माणसाचा एक दिवस एका सहीसाठी खर्ची पडतो. सही न झाल्यास दुसरा दिवस. प्रत्येक खात्याला आपला तुकडा दिसतो, पूर्ण माणूस कोणालाच दिसत नाही. पुण्यात आयुक्तालय होते, परंतु ते सामाजिक न्याय विभागाच्या अनेक जबाबदाऱ्यांपैकी एक होते.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.  ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द त्याआधीच रूढ झाला होता. नाव आधी बदलले, खुर्ची मागाहून आली. तरीही या निर्णयाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला आता एक दार ठाऊक आहे.

त्या दारामागे कोण बसतो, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. खाते अपंगांसाठी असणे आणि खात्यात अपंगांचा आवाज असणे यांत अंतर आहे. २०१६ च्या कायद्याने राज्य सल्लागार मंडळाची तरतूद केली आहे. खात्याचे मंत्री त्याचे अध्यक्ष, सहा महिन्यांतून निदान एक बैठक, आणि जिल्ह्यांना आळीपाळीने पाच सदस्यांचे प्रतिनिधित्व. या सदस्यांची शिफारस जिल्हा प्रशासनाने करावयाची आहे. तेव्हा आपली पाळी केव्हा येते आणि शिफारस कोणाची होते, हे साताऱ्या-सांगलीच्या नागरिकांनी विचारलेच पाहिजे. ती व्यक्ती अपंगत्व स्वतः जगणारी असावी, एवढा आग्रह तरी धरता येईल. युगांडासारख्या देशाने संसदेत अपंगांसाठी पाच जागा राखल्या आहेत. तमिळनाडूने २०२५ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंग सदस्यांच्या नियुक्तीचा कायदा केला. ग्रामपंचायतीला राज्याचा पाया मानणाऱ्या औंधच्या वारसांना ही वाट अवघड वाटू नये.

२०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटरच्या फेकीसह रौप्यपदक पटकावले. ते आटपाडी तालुक्यातील करगणीचे, म्हणजे स्वतंत्रपूरच्याच परिसरातले. शालेय वयात सायकलच्या अपघाताने त्यांच्या हाताला कायमची इजा झाली होती. त्यांचा गौरव या वेळी लवकर झाला, याचा आनंद आहे. परंतु पदक जिंकणारे थोडे असतात. ज्यांना पदक नको, केवळ तहसील कचेरीची पायरी चढता यावी एवढेच हवे आहे, त्यांच्या वतीने राज्याच्या बैठकीत बोलणारा माणूस हवा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिरजेच्या इस्पितळात त्यांना खाट मिळाली. आता बैठकीत जागा मिळावी, हीच या इतिहासाची अपुरी राहिलेली ओळ आहे.