प्रश्नकुंडलीतली माणसे

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये विल्यम लिली या ज्योतिष्याकडे लग्नाचे प्रश्न घेऊन मोलकरणीही येत. अनेकींना स्वतःची जन्मवेळ ठाऊक नसे. प्रश्नकुंडलीला ती लागतच नाही. प्रश्न विचारला त्या क्षणाचे लग्न, म्हणजे उगवती रास, मांडायचे आणि लग्नेश-सप्तमेशांचा, म्हणजे विचारणारीच्या व जोडीदाराच्या ग्रहांचा, योग होतो का, ते पाहायचे. १६४७ साली लिलीने ही रीत लॅटिनऐवजी इंग्रजीत छापली. म्हणूनच मला ही विद्या सामान्यांच्या प्रेमाची दप्तरे वाटते.

हा भोळ्यांना लुबाडण्याचा धंदा होता, असा आक्षेप घेतला जातो. भाकितांपुरता तो मला मान्य आहे. पण बॉडलियन ग्रंथालयातल्या लिलीच्या नोंदवह्यांत उत्तराहून प्रश्न मोलाचा आहे: तो माझ्याशी लग्न करील का? ज्यांची पत्रे उरली नाहीत, अशा बायकांची धास्ती तिथे तारीख-वेळेसह टिकली आहे.