पाय बांधावेत की मोकळे सोडावेत?

लाटेवर स्वार होणाऱ्याचे पाय फळीला बांधावेत की मोकळे सोडावेत? प्रश्न किरकोळ वाटतो. पण गेल्या पन्नास वर्षांत हवाई बेटांवर त्याचे उत्तर तीनदा बदलले.

मूळच्या सर्फिंगला पट्टा ठाऊकच नव्हता. तो आला शिडाच्या फळीवरून. १९७७ च्या सुमारास ओआहू बेटावरील कैलुआ येथे लॅरी स्टॅन्ली, माइक होर्गन आदी विंडसर्फरांनी, लाटेवरून उडी घेताना फळी पायांखालून निसटते म्हणून, तिच्यावर पायपट्टे बसवले.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी लेअर्ड हॅमिल्टन, बझी केरबॉक्स आणि डॅरिक डोर्नर हे यांत्रिक बोटीने स्वतःला ओढवून घेत अजस्र लाटा गाठू लागले. हातांनी पाणी कापण्याची गरज सरली, फळी आखूड झाली आणि त्या वेगात ती पायांखाली राहावी म्हणून हेच पट्टे तिच्यावर आले.

पुढे हॅमिल्टन आणि त्याच्या सोबत्यांनी फळीखाली जलपंख, म्हणजे हायड्रोफॉइल, जोडला. पाय आता पट्ट्यांत नव्हे, तर स्नोबोर्डच्या बुटांत जखडले गेले. (बूट हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा!) 'स्टेप इन्टू लिक्विड' या २००३ च्या चित्रपटात ही दृश्ये आहेत. पाहायला ती विलक्षण; पण कोसळत्या लाटेत, पायांना बांधलेल्या जड धातूसह पडण्याचे धाडस कितीजण करणार?

२०१६ मध्ये काय लेनीच्या चित्रफितींनी फॉइलला पुन्हा लोकांसमोर आणले. पंखाचे उद्धरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मंद वेगात उचलायचे, तर पंख मोठा हवा. असे पंख आले आणि बोटीविना, पोटावर झोपून हातांनी पाणी मारत लाट पकडणे शक्य झाले.

येथे मात्र जुना मित्र अडसर ठरला. पाणी मारताना पट्टा छातीखाली रुततो. उठण्याच्या त्या निमिषार्धात पाय नेमका पट्ट्यात शिरावा लागतो. अर्धवट अडकला, तर तोल गेलाच. शिवाय फॉइलचे नाक वर-खाली होते ते पावलांवरील भाराने. वेग बदलला की पाऊल बोटभर सरकवावे लागते, आणि पट्टा तेच करू देत नाही. म्हणून पोटावरून उठणाऱ्या बहुतेकांनी पाय मोकळेच ठेवले. हवेत उडी घेऊ पाहणारे काहीजण तेवढा पुढचा पट्टा ठेवतात. अनेक फळ्यांवर त्यासाठी स्क्रूची भोके तयारच असतात. पट्टा लावायचा की नाही, हे ज्याने-त्याने किनाऱ्यावरच ठरवायचे.