मोडलेल्या घरांचें सामान

थोरामोठ्यांचें घर मोडलें कीं त्यांतील सामान लिलांवांत निघतें, आणि एकाचें दुर्दैव तेंच दुसऱ्याच्या हौसेचें निमित्त होतें. दुकानांतील नवी खुर्ची ही नुसती खुर्ची असते. लिलांवांत घेतलेल्या जुन्या खुर्चीबरोबर तिच्यावर बसून गेलेल्या माणसांचा इतिहासहि घरीं येतो. ही हौस म्हणजे केवळ श्रीमंतांचा छंद, कीं तिच्यामुळें जगाचें कांहीं हितहि झालें? या प्रश्नाचें उत्तर फ्रान्सच्या राजघराण्याच्या सामानाला पुढें ज्या वाटा फुटल्या त्यांत सांपडतें.

१७९३ च्या जानेवारींत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. नव्या प्रजासत्ताकाला पैशाची नड भारी होती, आणि व्हर्सायचा ओस पडलेला राजवाडा सामानानें भरलेला होता. २५ ऑगस्ट १७९३ रोजीं त्या सामानाचा लिलांव सुरू झाला, तो ११ ऑगस्ट १७९४ पर्यंत चालला. पुकारलेल्या मालाचे १७,१८२ लॉट झाले. घेतलेला माल परदेशीं नेल्यास त्यावर जकात माफ होती. ज्या दालनांत पाऊल टाकण्यास पूर्वीं मानकऱ्यांनाहि अधिकार लागे, तेथील वस्तू आतां पैसे मोजणाऱ्या कोणाहि माणसाला मिळूं लागल्या.

राजघराण्याच्या सामानाच्या अशा विक्रींत बोली करणाऱ्यांमध्यें जाँ-आँरी रीझनेर नांवाचा एक कारागीर होता. तो १७३४ सालीं जर्मनींत जन्मला, पॅरिसमध्यें येऊन हुन्नर शिकला, आणि १७७४ सालीं राजाचा सुतार झाला. राणी मारी आंत्वानेत हिची त्याच्या कामावर विशेष मर्जी होती. राजसत्ता गेली तेव्हां सामानावरील राजचिन्हें काढून टाकण्याचें काम १७९४ सालीं त्याच्याकडेच आलें. आपल्याच हातांनीं बसविलेले मुगुट आपल्याच हातांनीं उखडण्याची वेळ त्याच्यावर आली! विक्रींत त्यानें आपलीच कपाटें आणि मेजें परत विकत घेतलीं. पुढें त्यांस चांगली किंमत येईल अशी त्याची अटकळ होती. पण लोकांची अभिरुचि बदलली होती. त्या सामानाला गिऱ्हाईक मिळेना. १८०६ सालीं रीझनेर वारला तो हलाखींतच.

त्या काळीं जुन्या सामानाची किती उपेक्षा होती याची साक्ष दुसरी एक वस्तु देते. लुईच्या भावजयीसाठीं रीझनेरनें जवाहीर ठेवण्याचें एक भव्य कपाट केलें होतें. तें विकत घेण्याविषयीं नेपोलियनकडे विचारणा झाली, तेव्हां बादशहाला नवें करवून घ्यावयाचें आहे, जुनें खरेदी करावयाचें नाहीं, असें उत्तर मिळालें. अखेर तें कपाट इंग्लंडांत गेलें. १८२५ सालच्या एका लिलांवांत राजा चौथा जॉर्ज यानें तें घेतलें, आणि आज तें तेथील राजघराण्याच्या संग्रहांत आहे.

जुन्याची पारख करण्यांत जो आनंद आहे तो अशा वस्तूंच्या पाठीमागें डोकावल्याशिवाय कळत नाहीं. दर्शनी भागावर सोनेरी मुलाम्याचें पितळी काम असतें. पण जाणता गिऱ्हाईक खण ओढून पाहतो, सांधे तपासतो, कपाट भिंतीपासून सरकवून त्याची पाठ पाहतो. पॅरिसच्या कारागिरांना आपल्या नांवाचा शिक्का लांकडावर मारावा लागे. राजवाड्याच्या सामानावर तेथील कोठाराचा अनुक्रमांकहि घालीत. त्या कोठाराच्या वह्या पुष्कळशा शिल्लक राहिल्या, आणि विसाव्या शतकांत पिएर व्हेर्ले या संशोधकानें त्यांतील नोंदी सामानावरील आंकड्यांशीं ताडून पाहिल्या. एका पुसट आंकड्यावरून हें मेज कोणत्या सालीं कोणाच्या दालनासाठीं केलें होतें, हें सांगतां येऊं लागलें.

काळाचें चक्र पुढें उलट फिरलें. स्कॉटलंडांतील हॅमिल्टन पॅलेस या वाड्यांत राणीसाठीं रीझनेरनें १७८३ सालीं केलेलीं दोन कपाटें येऊन पोंचलीं होतीं. त्यांपैकीं एक लिहिण्याची फळी उघडणारें होतें. दोहोंवर जपानी लाखकामाचे तक्ते बसविलेले होते, आणि पितळी वेलबुट्टींत राणीच्या नांवाचीं आद्याक्षरें गुंफलेलीं होतीं. आतां कर्जाची पाळी त्या वाड्याच्या धन्यावर, हॅमिल्टनच्या बाराव्या ड्यूकवर, आली. १८८२ च्या उन्हाळ्यांत सतरा दिवस लिलांव चालला, आणि २,२१३ लॉट विकून ३,९७,५६२ पौंड जमले. राणीच्या त्या दोन कपाटांना प्रत्येकीं ९,४५० पौंड आले. ज्याच्या कामाला एके काळीं पॅरिसमध्यें गिऱ्हाईक मिळत नव्हतें, त्याच्याच कामासाठीं लंडनमध्यें धनिकांची चुरस लागली. पुढें हीं कपाटें अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट घराण्याकडे गेलीं, आणि १९२० सालीं मृत्युपत्रान्वयें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मिळालीं.

हॅमिल्टन पॅलेस मात्र आज नाहीं. त्याच्याखालची जमीन कोळशाच्या खाणींनीं पोंखरली गेली, आणि १९२० नंतरच्या दशकांत तो पाडण्यांत आला. वाडा गेला, कपाटें राहिलीं. लिलांवानें घराची मांडणी विस्कटते, एकत्र नांदलेल्या वस्तू देशोधडीला लागतात, हें खरें. त्या नुकसानीची भरपाई होत नाहीं. परंतु ज्यानें हौसेनें पैसे मोजले, त्यानें ती वस्तु चुलींत जाऊं दिली नाहीं, हेंहि तितकेंच खरें. त्याला वाटतें कीं आपण मालक झालों. वस्तुतः पुढच्या धन्याच्या हातीं जाईपर्यंत तो त्या वस्तूचा राखणदार असतो. रीझनेरच्या पदरीं त्या राखणदारीचें फळ पडलें नाहीं. परंतु आपल्या कामाचें मोल त्यानें सर्वांच्या आधीं ओळखलें होतें, एवढें काळानें सिद्ध केलें.