तंजावरची ख्रिस्ती मंडळी आणि वेदनायगम् शास्त्री

तंजावरच्या भोसलेकालीन वाङ्मयाचा विचार करताना मराठी अभ्यासकाची दृष्टी बहुधा सरस्वती महालातील पोथ्या, शहाजीराजांची नाटके आणि रामदासी मठांतील कवी यांवरच स्थिरावते. त्याच राजवाड्याच्या सावलीत एक तमिळ ख्रिस्ती कवी वाढला, आणि त्याच्याभोवती एका मंडळीची श्रद्धा स्तवनातून, अध्ययनातून व सहवासातून रुजत गेली, ही गोष्ट मराठीत क्वचितच ध्यानी घेतली जाते. या तीन वाटांपैकी पहिल्या दोन तंजावरात प्रशस्त झाल्या. तिसरी मध्येच अडली. ती का अडली हे पाहिल्यावाचून पहिल्या दोहोंचे मोलही नीट आकळत नाही.

या मंडळीचा मूळपुरुष ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री. १७२६ साली जन्मलेला हा मनुष्य १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरला आणि पुढे तंजावरास स्थायिक होऊन १७९८ मध्ये तेथेच वारला. त्याला तमिळप्रमाणेच मराठीही अवगत होती, आणि तुळजाजीराजांचा त्याच्यावर एवढा विश्वास होता की दत्तक पुत्र सरफोजी यांच्या पालनाचा भार त्यांनी त्याच्याकडे सोपविला. त्याने बाप्तिस्मा दिलेल्यांत एक मराठी ब्राह्मण विधवा होती. क्लॅरिंडा या नावाने ती इतिहासास ठाऊक आहे. तिचा बाप्तिस्मा १७७८ मध्ये पाळयंकोट्टै येथे झाला. तेथील मंडळीच्या १७८० च्या नोंदीतील चाळीस जणांत तिचे नाव पहिले आहे, आणि १७८५ मध्ये तेथे उभे राहिलेले प्रार्थनामंदिर तिच्याच प्रयत्नाचे फळ होय. तमिळ देशातील एका मंडळीच्या आरंभी मराठी स्त्रीचे नाव असावे, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने घ्यावयास हवी होती.

वेदनायगम् यांचा जन्म १७७४ चा, तिरुनेलवेली प्रांतातील वेल्लाळ कुळातला. वडील देवसहायम् स्वतः कवी होते. श्वार्ट्झने या मुलास तंजावरास आणून शिकविले. पुढे तरंगंबाडीस धर्मशास्त्राचे अध्ययन करून तो विशीच्या आतबाहेरच तंजावरच्या पाठशाळेचा प्रमुख झाला. वयाने तीन वर्षांनी धाकटे सरफोजी आणि तो एकाच गुरूच्या छायेतले. या शाळेत बायबलाच्या जोडीला भूगोल, गणित व खगोल हेही विषय होते, आणि देवाची सृष्टी जाणणे हा त्याच्या स्तुतीचाच भाग मानला जाई.

याचा पुरावा ‘बेत्लेहेम कुरवंजी’ या शास्त्रीबुवांच्या सुमारे १८०० मधील नृत्यनाट्यात सापडतो. कुरवंजी हा लोकप्रिय तमिळ नाट्यप्रकार: नायिका देवावर अनुरक्त होते, डोंगरातली कुरवंजी येऊन तिचा हात पाहते, आपल्या मुलुखाचे वर्णन करते आणि मीलनाचे भविष्य सांगते. शास्त्रीबुवांनी हा साचा जसाच्या तसा घेतला. बेत्लेहेमच्या प्रभूवर अनुरक्त झालेली नायिका म्हणजे मंडळी, भविष्य सांगणारी ती श्रद्धा आणि तिच्या पारधी नवऱ्याचे जाळे हे उपदेशकाचे जाळे. मुलुखाच्या वर्णनाच्या निमित्ताने पृथ्वीवरील देश व नद्या आल्या, सूर्यकेंद्री विश्वाची नवी कल्पनाही आली. आता सरफोजींच्या नावावरील मराठी ‘देवेंद्र कोरवंजी’ तिच्याशेजारी ठेवून पाहावी. तीतही कोरवंजी जगाचा भूगोलच सांगते! एकाने तो ख्रिस्तस्तवनात गोवला, दुसऱ्याने दरबारी करमणुकीत. पण डोंगरी बाईच्या तोंडी नवी विद्या घालण्याची युक्ती दोघांची एकच. कोणी कोणाचे उचलले हा वाद येथे गौण आहे. एका गुरुगृहातील संस्कार दोन भाषांत, दोन धर्मांत उमटला, एवढे स्पष्ट दिसते.

शास्त्रीबुवा आपली पदे साथीदारांसह गाऊन, मध्ये निरूपण करून सादर करीत. त्यावरून त्यांनी मराठी कीर्तनच उचलले असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. तमिळ कथाकालक्षेपास मराठी कीर्तनाने जे रूप दिले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि शास्त्रीबुवा १८६४ मध्येच निवर्तले.

श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर एका पिढीने आलेल्या नव्या मिशनऱ्यांना मात्र या मंडळीत पुष्कळ काही खटकले. वेल्लाळ आणि परैयर एकाच छताखाली, पण वेगळ्या जागी बसत. प्रभुभोजनाच्या वेळीही हा भेद पाळला जाई. श्वार्ट्झने तो सोसला होता. नव्यांनी तो मोडावयास घेतला, आणि त्याबरोबरच समारंभातील फुले व उपासनेतील देशी गायन यांवरही गदा आणली. फाब्रिसियसच्या जिव्हाळ्याच्या तमिळ बायबलाच्या जागी ऱ्हेनियसचे भाषांतरही पुढे केले. १८२९ मध्ये शास्त्रीबुवांनी याविरुद्ध लेखणी उचलली. ग्रंथातील बदल, जातींची सरमिसळ, फुलांची बंदी आणि पदांची हकालपट्टी हे त्यांच्या लेखी एकाच जातीचे अत्याचार होते. मिशनशी बिनसल्यावर त्यांना आश्रय दिला तो सरफोजींनी.

येथे इतिहासकाराला निवाडा टाळता येत नाही. गाण्याविषयी शास्त्रीबुवा बरोबर होते. स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या चालीत केलेली स्तुती परकी ठरविणे हा नव्या पाद्र्यांचा उद्दामपणा होता. बसण्याच्या जागेविषयी मात्र ते चुकले, आणि दोन्ही प्रश्न एकाच तक्रारीत बांधल्यामुळे न्याय्य मागणीस अन्यायाचा डाग लागला. विरुद्ध पक्षाचे पापही हेच: जातिभेद काढताना त्यांनी फूल आणि पद हीही त्याच टोपलीत टाकली. या भांडणात परैयर सभासदांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो तो फारच क्षीण, हेही विसरता येत नाही. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला आणि तंजावरच्या अनेक वेल्लाळ कुटुंबांनी मंडळीशी संबंध तोडला.

शिवगंगा बागेजवळच्या, १७७९ मध्ये श्वार्ट्झने बांधलेल्या प्रार्थनामंदिरात सरफोजींनी गुरूसाठी जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरील पाद्री आणि त्याच्याजवळ उभा असलेला भोसलेकुलातील शिष्य. शास्त्रीबुवांची पदे तमिळ मंडळ्यांत आजही गायिली जातात. ज्यांच्याशेजारी बसावयास त्यांच्या पिढीतील वेल्लाळ तयार नव्हते, त्यांचे वंशजही ती गातात.